सोमेश्वरचा धबधबा: जायचं तर विसर्ग बघून

नाशिकमध्ये गंगापूर रोडवर, सोमेश्वर मंदिराच्या पुढे गोदावरी काळ्या कातळावरून खाली कोसळते. उंची बेताची, पण रुंदी डोळ्यांत मावत नाही. कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, म्हणजे बेसाल्ट. त्यातली बारीक भोकं अडकलेल्या वायूची. पांढरे ठिपके दिसले तर ती भोकांत नंतर साचलेली खनिजं.

पाण्याचा जोर गंगापूर धरणातून किती पाणी सोडलंय, म्हणजे विसर्ग किती, त्यावर. त्यामुळे इथे ऊन असलं तरी पाणी चढू शकतं. विसर्ग सुरू असेल तर कठड्याच्या अलीकडूनच बघा. शेवाळलेल्या दगडावर गुळगुळीत तळाची चप्पल म्हणजे घसरगुंडी. पावसाळ्यातला रविवार टाळा, गाडी लावताना जीव जातो. उन्हाळ्यात? नुसता कातळ बघायचा असेल तरच.