मिकुनी सुपर बीएन कार्बोरेटरचं ओरिजिनल रिपेअर किट: घ्या, पण आधी कॉम्प्रेशन बघा

पावसाळा सरला की जुहू, आक्सा, गोराईच्या बाजूला जुन्या टू-स्ट्रोक जेट स्की बाहेर निघतात आणि दरवर्षीची तक्रार सुरू होते: गाडी स्टार्ट होते, आयडलिंगला छान चालते, रेस दिली की दम सोडते. मेकॅनिक ‘कार्बोरेटर’ म्हणून मोकळा होतो आणि मालक किट मागवतो. किट चांगलंच आहे. पण दुखणं पेट्रोलचं नसेल तर पैसे पाण्यात.

म्हणून आधी आरपीएम बघा. रेस दिल्यावर इंजिन किंचाळतंय आणि गाडी पुढे जात नाही, तर इंजिनला दोष देऊ नका, दोष जेट पंपाचा, म्हणजे पाणी मागे फेकून गाडी ढकलणाऱ्या पंपाचा. आपल्या समुद्रात पहिला संशय प्लास्टिकच्या पिशवीवर घ्यायचा, म्हणून गाडीच्या पोटाखालची, पाणी आत घेणारी जाळी तपासा. मग वेअर रिंग, म्हणजे पंपातल्या पंख्याभोवतीचं कडं. सी-डू ब्रँडच्या गाड्यांमध्ये इम्पेलर (तोच पंखा) आणि रिंगमधली फट 1 मिमीपेक्षा जास्त झाली असेल तर रिंग बदलायलाच हवी. उलट आरपीएमच चढत नसतील तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. दोन्ही प्लग काढा, प्लगच्या कॅप अर्थिंगच्या खुंटीवर लावा (नाहीतर इग्निशन बॉक्स उडायची भीती), थ्रॉटल पूर्ण उघडा आणि गेजचा काटा वर जायचा थांबेपर्यंत स्टार्टर मारा. धडधाकट इंजिन बहुधा 150 पीएसआयच्या आसपास दाखवतं. दोन सिलिंडरमध्ये 10 टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला, तर किटचे पैसे पिस्टन-रिंगसाठी राखून ठेवा.

कॉम्प्रेशन ठीक निघालं तर पाण्यावर एक सोपी परीक्षा. गाडी गळपटते त्याच क्षणी चोक किंचित ओढा. आरपीएम वर गेले तर मिश्रण पातळ आहे, पेट्रोल कमी पोचतंय. आणखी मेले तर पेट्रोल जास्त होतंय किंवा बिघाड दुसरीकडे आहे. पातळ मिश्रणावर गाडी दामटू नका. पातळ मिश्रणाने तापलेला पिस्टन जाम होतो.

आता किट. सुपर बीएन कार्बोरेटर सी-डू, यामाहा, पोलारिसच्या बऱ्याच टू-स्ट्रोक मॉडेलांवर असतो. कावासाकीच्या अनेक गाड्यांवर केहिन कंपनीचा कार्बोरेटर आहे, त्यांना हे चालत नाही. इंजेक्शनवाल्या गाड्यांचा तर प्रश्नच नाही. ऑर्डर करताना बोअर, म्हणजे कार्बोरेटरच्या भोकाचा व्यास (38, 40, 44 मिमी) पाहाच, शिवाय बॉडी गोल की चौकोनी तेही पाहा, कारण दोघांची किटं वेगळी. पाकिटात रेग्युलेटर डायफ्राम, कार्बोरेटरमधल्याच पेट्रोल पंपाचे डायफ्राम (रबरी पडदे), गॅस्केट आणि ओ-रिंगा येतात. नीडल-सीट (पेट्रोल आत सोडणारी सुईची झडप) त्यात धरली आहे की वेगळी घ्यावी लागेल, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. कार्बोरेटर मोजूनच मागवा. दोन कार्बोरेटर असले तर दोन किटं. एक नवा, एक जुना ठेवला तर जुन्या कार्बोरेटरच्या सिलिंडरचा प्लग पांढरा पडतो, म्हणजे तिथलं मिश्रण पातळ.

स्वस्त कॉपी किटांविषयी स्पष्टच सांगायला हवं. गॅस्केट बरी असतात, गोची डायफ्राममध्ये. रबर जाड आणि कडक, मधलं बटण कधी हलतं, पंपाची भोकं कधी जुळत नाहीत. आयडलिंगला काही कळत नाही, कारण तिथे पेट्रोल लागतंच किती! पूर्ण रेसला पंप कमी पडतो, म्हणजे तक्रार होती तिथेच परत. ओरिजिनलचा डायफ्राम बोटात धरला तर कापडासारखा लवतो, तोच फरक. ओ-रिंगेचं मात्र मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर भागतं. व्हायटन रबराची मागा, ई20 (20 टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलमध्ये ती टिकते.

बसवताना तीन ठिकाणी लोक घसरतात. पहिलं म्हणजे पंपाच्या झाकणाचे स्क्रू. खाऱ्या पाण्याने ते अडकलेले असतात आणि जपानी ‘जेआयएस’ खाचेचे असतात, साधा फिलिप्स घातला की खाच गोल होते. दुसरं, झाकणाखालची नखाएवढी जाळी. काढून उजेडासमोर धरा. नव्वदच्या दशकातल्या सी-डूंच्या राखाडी पेट्रोल नळ्या आतून विरघळून हिरवट चिखल होतो, तो इथेच साचतो. तो दिसला तर नळ्या सगळ्या बदला आणि टाकीजवळचा सिलेक्टर व्हॉल्व्हही (पेट्रोल चालू-बंद करणारा) धुवा, नाहीतर नवं किट महिन्याभरात तुंबेल. तिसरं, नीडलचा लिव्हर. तो शेजारच्या धातूच्या पातळीला हवा. खाली राहिला तर पेट्रोल कमी, वर उठला तर ओव्हरफ्लो.

झाल्यावर पॉप-ऑफ टेस्ट, म्हणजे नीडल किती दाबाला उघडते याची परीक्षा, टाळू नका. नीडल पेट्रोलने ओली करा, रिटर्नचं (जादा पेट्रोल टाकीत परत नेणारं) तोंड बंद करा, इनलेटला गेजवाला हातपंप लावा. सीट किती प्रेशरला उघडते हे मॅन्युअलच्या आकड्याशी ताडा, कारण स्प्रिंग आणि सीटच्या जोडीनुसार ते बदलतं. 10 पीएसआयला ती गळता कामा नये. तीनदा वेगवेगळे आकडे आले तर नीडल-सीट बदला. रबरी भाग लावलेली बॉडी कार्ब क्लीनरमध्ये बुडवू नका, पाण्यात साबण घालून धुणंही नको.

पावसाळ्यातलं पेट्रोल टाकीत असेल तर ते आधी काढून टाका. इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढून घेतं आणि ते पाणी टाकीच्या तळाशी साचतं. पहिल्या फेरीनंतर प्लग काढून रंग बघा: चॉकलेटी असेल तर ठीक. पांढरा असेल तर फेरी बंद करा आणि क्रँककेसपासून पंपाकडे जाणारी पल्स नळी चिरली आहे का पाहा, कारण ती चिरली असेल तर ओरिजिनल किटसुद्धा पूर्ण रेसला पेट्रोल ओढू शकत नाही.