खानदेशचं हवामान कोणत्या खान्यात घालायचं? कोपेन, ट्रिवार्था आणि खंडीयतेचा निर्देशांक

जळगाव, धुळे, नंदुरबारचं हवामान नेमकं कोणतं, याला जितकी तोंडं तितकी उत्तरं मिळतात. अक्षांश पाहिले तर २० ते २२ अंशांचा हा पट्टा कर्कवृत्ताच्या खाली येतो, म्हणजे सरळ उष्ण कटिबंध. कोपेनच्या नकाशात यातला बराचसा भाग उष्ण निमशुष्क आहे. भूगोलाचे सर ‘विषम, खंडीय’ म्हणतात. आणि रोपवाटिकेत लिचीचं रोप हातात देताना सांगतात, ‘सबट्रॉपिकल आहे, आपल्याकडे चालतं.’ प्रकल्प लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला किंवा परप्रांतातलं फळझाड लावायला निघालेल्या शेतकऱ्याला यातलं एक काहीतरी धरून चालावंच लागतं.

सर्वांत जास्त वापरात आहे ती हवामानशास्त्रज्ञ व्लादिमीर कोपेन यांची पद्धत. त्यांनी ती १८८४ मध्ये मांडली, पुढे स्वतःच अनेकदा दुरुस्त केली आणि नंतर रुडॉल्फ गायगर यांनी तिला हात लावला. कोपेन वनस्पतींकडे पाहून हवामान वाचायचे, म्हणून त्यांच्या सीमारेषा महिन्याच्या सरासरी तापमानावर आणि पावसावर बेतलेल्या आहेत. सर्वांत थंड महिन्याची सरासरी १८ अंशांच्या वर असेल तर उष्ण कटिबंधीय. १८ च्या खाली, पण उणे ३ च्या वर असेल तर ‘सी’ गट, ज्याच्या उबदार भागाला उपोष्ण (सबट्रॉपिकल) म्हणतात. त्याहूनही खाली गेलं आणि उन्हाळा बऱ्यापैकी तापला तर ‘डी’, म्हणजे खंडीय. जगभरचा वाद पेटतो तो या उणे ३ वर. महिनाभर बर्फ टिकून राहतं ती रेषा म्हणून कोपेननी उणे ३ धरलं. अमेरिकेतल्या पुष्कळ अभ्यासकांना शून्य योग्य वाटतं. बॉस्टनच्या जानेवारीची सरासरी या दोहोंच्या मधे पडते. त्यामुळे तेच शहर एका नकाशात उपोष्ण असतं आणि दुसऱ्यात खंडीय. न्यूयॉर्क तर दोन्ही रेषांच्या वर राहतं आणि दरवर्षी बर्फ पडूनही ‘दमट उपोष्ण’ ठरतं. आपल्याकडे श्रीनगरचा जानेवारीही शून्याच्या वरच असतो, म्हणून दाल सरोवर गोठलं तरी ते ‘सी’ गटातच राहतं.

अमेरिकेचे ग्लेन ट्रिवार्था यांना हेच खटकलं. १९६६ मध्ये आणि पुढे १९८० मध्ये त्यांनी सुधारित मांडणी केली. तीत सर्वांत थंड महिना किती थंड आहे एवढ्यावर न थांबता वर्षातले किती महिने १० अंशांच्या वर राहतात ते मोजलं जातं. आठ ते बारा महिने असतील तर उपोष्ण, चार ते सात असतील तर समशीतोष्ण. न्यूयॉर्कचे सातच महिने भरतात, म्हणून ते उपोष्णातून बाहेर पडतं. मला ट्रिवार्थांची मांडणी अधिक पटते, कारण झाड किती महिने वाढतं हे त्यातून कळतं. कोपेनच्या बाजूने सांगायचं तर तयार नकाशे आणि आकडे त्यांचेच जास्त मिळतात. दोन देशांची तुलना करायची असेल तर तेच हाताशी येतात.

खानदेशापुरता हा सगळा वाद मात्र बाजूला ठेवता येतो, कारण तापी खोऱ्यात डिसेंबर-जानेवारीची सरासरी २१ अंशांच्या आसपास असते. उणे ३ असो की शून्य, की दहा अंशांचे महिने, त्यातली एकही रेषा आपल्याला छेदत नाही. आपली खरी रेषा पावसाची आहे, कारण कोपेन तापमानाच्या आधी कोरडेपणा तपासतात. कोपेनच्या हिशेबात पाऊस मुख्यतः उन्हाळी सहामाहीत (एप्रिल ते सप्टेंबर) पडत असेल तर वार्षिक सरासरी तापमानाला २० ने गुणून त्यात २८० मिळवायचे. जळगावचं वार्षिक तापमान सुमारे २७ अंश धरलं तर ८२० मिलिमीटर येतात. पाऊस त्याहून कमी म्हणजे निमशुष्क. जळगावचा पाऊस साधारण ७०० च्या घरातला आणि शिंदखेडा-अमळनेरकडे आणखी कमी, म्हणून हा भाग निमशुष्क. पण चांगला पावसाळा झाला की त्या एका वर्षाचा आकडा ८२० ओलांडतो आणि ते वर्ष थेट उष्ण कटिबंधीय सव्हानात जातं. नवापूर, अक्कलकुव्याकडे हजाराच्या वर पाऊस असतो, तो भाग बहुतेक वर्षं सव्हानातच. एकाच नंदुरबार जिल्ह्यात ही रेषा आडवी पडते, तेव्हा ‘खानदेशचं हवामान’ असं एक वाक्य लिहून भागत नाही. तालुका लिहावा लागतो.

आता ‘खंडीय’ म्हणणाऱ्या सरांकडे येऊ. ते कोपेनचा ‘डी’ गट म्हणत नाहीत. ते तापमान कक्षा, म्हणजे सर्वांत गरम आणि सर्वांत थंड महिन्यांतलं अंतर बघतात. त्यासाठी गोर्चिन्स्की यांचा १९२० चा निर्देशांक आहे: कक्षेला १.७ ने गुणून अक्षांशाच्या साइनने भागायचं आणि २०.४ वजा करायचे. मे महिन्याची सरासरी ३४ च्या पुढे धरली तर जळगावची कक्षा १३-१४ अंश, आणि निर्देशांक ४० च्या वर. मुंबईचा साधारण १० येतो. आकडा जितका मोठा तितका समुद्राचा आधार कमी, तेव्हा सरांचं बरोबर आहे. अडचण अशी की अक्षांश लहान असला की भागाकार फुगतो. १९४६ मध्ये कॉनराड यांनी अक्षांशात १० मिळवून, आणि २०.४ ऐवजी १४ वजा करून, तो फुगवटा कमी केला. त्यांच्या सूत्राने जळगाव ३० च्या आसपास येतं, मुंबई ७ वर. क्रम तोच राहतो. आपल्या अक्षांशाला कॉनराडच वापरा.

पण या तिन्ही पद्धती महिन्याच्या सरासरीवर चालतात आणि केळीची बाग सरासरीवर चालत नाही. जानेवारीत दुपारी ३० आणि पहाटे १२ अंश, सरासरी २१, म्हणजे तापमानापुरतं कागदावर पक्कं उष्ण कटिबंधीय. पारा पहाटे १० च्या खाली गेला की रावेर-यावलच्या बागांत पोंगा (नव्या पानाची गुंडाळी) अडकतो, पानं पिवळी पडतात, निसवण (घड बाहेर पडणं) लांबते. शेतकरी रात्री पाणी सोडतात, पहाटे बागेभोवती धूर करतात. एप्रिल-मेमध्ये तीच बाग पश्चिमेच्या गरम वाऱ्याने फाटते, म्हणून बांधावर शेवरी लावलेली असते. या दोन्ही गोष्टी सांगणारं एकही अक्षर कोपेनच्या नावात नाही. लागवड मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची) करायची की कांदेबाग (पावसाळ्यानंतरची), हे ठरवताना रोजचं कमाल-किमानच कामाला येतं.

तेव्हा प्रकल्पासाठी कोपेन घ्या, पण तालुक्याचा पाऊस आणि कोणत्या तीस वर्षांची सरासरी धरली ते लिहा. समुद्रापासूनचं अंतर हा विषय असेल तर कॉनराड. बाहेरचं झाड लावायचं असेल तर ते मूळ जिथलं आहे तिथल्या जानेवारीची सरासरी विचारा. लिचीचं मुझफ्फरपूर आणि कमी थंडीत येणाऱ्या एचआरएमएन-९९ सफरचंदाचं हिमाचलातलं बिलासपूर, दोन्ही ठिकाणी जानेवारी १८ च्या बराच खाली असतो. लिचीला मोहोर येण्यासाठी तसाच थंड, कोरडा हिवाळा लागतो. तो रावेर-चोपड्याच्या शिवारात नाही. तिथे लिचीवर पैसा घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तोरणमाळचं पठार मात्र नंदुरबार शहरापेक्षा नऊशे मीटरहून उंच आहे. हजार मीटरला साडेसहा अंश या ढोबळ हिशेबाने तिथला जानेवारी १५ च्या आसपास येतो, म्हणजे कोपेनच्या रेषेनेही उपोष्ण. लिचीची दोन-चार रोपं लावून बघायचीच असतील, तर ती तिथे लावा.