तेरा वर्षांच्या मुलीचं इन्स्टा: बाहेरून कुलूप की शेजारी बसणं?

मुलगी तेरा पूर्ण झाली त्याच आठवड्यात इन्स्टाची मागणी आली. ‘वर्गात सगळ्यांकडे आहे’ हे पालुपद तुमच्याही घरी चालू असेल. निम्म्या वर्गाने जन्मसाल खोटं टाकून आधीच खाती काढली होती, त्यामुळे ही थांबली हेच आमचं नशीब. द्यायचं हे ठरलं होतं, कसं द्यायचं ते ठरत नव्हतं. दोन वाटा होत्या आणि दोन्ही चालून झाल्यात: पहिली सहा महिने, दुसरी आता वर्षभर होत आली.

पहिली वाट फोनला बाहेरून कुलूप लावणाऱ्या ॲपची. नाव सांगत नाही, थोड्याफार फरकाने सगळ्यांची तऱ्हा तीच. कुठलं ॲप किती मिनिटं, रात्री फोन कधी बंद, मुलगी आत्ता कुठे आहे, सगळं आपल्या मोबाइलवर. पहिला महिना खरंच निवांत गेला. मूल चौथी-पाचवीतलं असेल तर हेच घ्या, पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

मला कंटाळा आणला तो मिनिटांच्या घासाघिशीने. मी कामावर, समोर माणूस बसलेला, आणि आजीच्या मोबाइलवरून हिचा फोन: ‘बाबा, पंधरा मिनिटं दे ना, सरांनी ग्रुपवर टाकलेलं उतरवून घ्यायचंय.’ कधी ते खरं असायचं, कधी नसायचं, आणि तिथे बसून मला ते कळणार कसं? दिली की संध्याकाळी बायको विचारणार, का दिलीस. नाही दिली की वही अपुरी, त्याला जबाबदार मी. हे रोज, कधी दिवसातून तीनदा. जेवताना विषय तोच: काल दहा जास्त वापरलीस, आज दहा कापणार. रिक्षाच्या मीटरवरून हुज्जत घालावी तसं. मंगळवारी तिने इन्स्टावर ५२ मिनिटं घालवली हे मला पक्कं ठाऊक असायचं. त्या ५२ मिनिटांत तिला कोण काय म्हणालं, हे मी सहा महिन्यांत एकदाही विचारलं नाही. ॲप आपलं काम चोख करत होतं, हे कबूल करायला हवं. वॉचमन मी झालो होतो.

दुसरी वाट म्हणजे इन्स्टाग्रामचं टीन अकाउंट आणि त्याला जोडलेली पालकांची देखरेख. आपल्याकडे हे फेब्रुवारी २०२५ मध्ये आलं. खातं आपोआप खासगी, अनोळखी लोकांचे मेसेज बंद, रात्री दहा ते सकाळी सात नोटिफिकेशन गप्प. सोळाच्या आतल्या मुलांना यातलं काही सैल करायचं तर आपली परवानगी लागते. गेल्या सात दिवसांत तिने कोणाकोणाला मेसेज केले ती नावं आपल्याला दिसतात, मजकूर दिसत नाही. बायकोला हे अपुरं वाटतं. मला मात्र तेवढंच बरं वाटतं, कारण मजकूर दिसला असता तर मी वाचत बसलो असतो.

नावं दिसली की विचारावं लागतं, म्हणून रविवारी सकाळी आम्ही दोघं फोन घेऊन बसतो. जानेवारीत असंच मटार सोलत बसलो होतो. ती म्हणाली, ‘हे बघ ना बाबा, हिची दोन अकाउंट कशी?’ दुसऱ्या खात्यावर मैत्रिणीचा गॅदरिंगमधला फोटो, बाकी काही नाही, आणि फॉलोची रिक्वेस्ट. हिने ती स्वीकारलीच होती. मी ओरडणार होतो, पण हातात मटार होते. आधी स्क्रीनशॉट काढले, मग मैत्रिणीच्या आईला फोन केला, आणि मगच ‘दुसऱ्याच्या नावाने खातं’ म्हणून तक्रार नोंदवून ब्लॉक केलं. क्रम महत्त्वाचा आहे. खातं उडालं की पुरावाही जातो. प्रकरण वाढलं तर राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टल आणि १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे, हेही तिला तेव्हाच दाखवून ठेवलं. कुलपाच्या काळात हे मला कळलंच नसतं असं म्हणत नाही, पण बहुधा शाळेतून कळलं असतं.

खोट या वाटेलाही आहे. तुम्हाला स्वतःचं इन्स्टा लागतं. देखरेख त्या एका ॲपपुरती. व्हॉट्सॲप आणि गेममधल्या गप्पा बाहेरच राहतात. मुलाने जन्मसाल खोटं टाकून दुसरं खातं काढलं तर सगळं मुसळ केरात. आणि तासभर झाला की येणारी आठवण आमची कन्या न वाचता बाजूला सारते. वेळेच्या बाबतीत कुलूप सरस, यात वाद नाही. मुलाचं मुख्य दुखणं रात्री दोनपर्यंत रील बघणं असेल तर माझ्या मताला फार वजन देऊ नका.

वेळेसाठी आम्ही सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावची नक्कल केली. तिथे २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायचा पायंडा पडला. आमचा भोंगा म्हणजे कुकरची शिट्टी. सगळ्यांचे फोन फ्रिजवर, माझासुद्धा. सगळ्यात जास्त चुळबुळ माझीच होते.

धाकटा सहावीत आहे, त्याच्या टॅबला मात्र कुलूपच ठेवलंय. आजीच्या मोबाइललाही आता पिन घातलाय. तो त्याने दोन दिवसांत ओळखला: आजीचं जन्मसाल.