बॅकअपचा ड्राइव्ह भरला, तर आधी विनडरस्टॅट चालवावे

घरच्या बॅकअपसाठी घेतलेली २ टीबीची हार्डडिस्क भरत आली की रत्नागिरीला किंवा कणकवलीला जाऊन ४ टीबीची आणावी, असाच विचार बहुतेक घरांत होतो. त्याआधी विनडरस्टॅट हा प्रोग्रॅम एकदा चालवून पाहावा, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे. तो विंडोजवर चालतो, मोफत मिळतो आणि मुक्त स्रोत परवान्याखाली उपलब्ध आहे. ड्राइव्हवरची जागा नेमकी कशाने व्यापली आहे हे दाखवणे, एवढेच त्याचे मुख्य काम आहे आणि ते तो फार चांगले करतो.

प्रोग्रॅम उघडला की कोणता ड्राइव्ह तपासायचा ते तो विचारतो. नवख्या माणसाने येथे सगळे ड्राइव्ह न निवडता केवळ बाहेरून जोडलेला ड्राइव्ह निवडावा, म्हणजे संगणकाच्या स्वतःच्या फाइलींना चुकूनही हात लागत नाही. तपासणी संपली की एका भागात फोल्डरांची यादी मोठ्याकडून लहानाकडे लागते आणि खाली रंगीत चौकोनांचा नकाशा उमटतो. प्रत्येक चौकोन म्हणजे एक फाइल. फाइल जितकी मोठी तितका चौकोन मोठा, आणि रंगावरून तिचा प्रकार कळतो. चौकोनावर क्लिक केले की ती फाइल कोणत्या फोल्डरात आहे ते यादीत लगेच दिसते. वाचण्यापेक्षा बघून समजणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही हा नकाशा सहज कळतो, आणि माझ्या मते हाच या प्रोग्रॅमचा सर्वांत मोठा गुण आहे.

देवगड तालुक्यातील एका आंबा बागायतदार कुटुंबाचा ड्राइव्ह याच प्रोग्रॅमने पाहिला, त्याचे उदाहरण बोलके आहे. सातबाराचे उतारे, पेट्यांचे हिशेब, फवारणीची बिले, पीकविम्याचे कागद, म्हणजे जे हरवले तर घराचे खरे नुकसान होईल ते सगळे मिळून नकाशात एका ठिपक्याएवढेही नव्हते. जागा अडवली होती ती 'फोन', 'फोन नवीन' आणि 'फोन सगळे' या तीन फोल्डरांनी. दर वेळी फोनमधला कॅमेऱ्याचा पूर्ण फोल्डर नव्याने उतरवल्यामुळे गणपतीतले तेच फोटो आणि दशावताराचे तेच लांबलचक व्हिडिओ तीन-तीनदा साठले होते. विनडरस्टॅटच्या २ क्रमांकाच्या आवृत्तीत अशा दुबार फाइली शोधण्याची सोय आहे. ती नावावर न जाता फाइलीतील मजकूर जुळवून पाहते, त्यामुळे नाव बदललेली प्रतही सापडते. मोठ्या ड्राइव्हवर या शोधाला बराच वेळ लागतो; पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसल्याने लॅपटॉपची बॅटरी भरलेली असतानाच तो सुरू करावा.

दुबार प्रत दिसली म्हणून लगेच पुसू नये. बॅकअपच्या ड्राइव्हवर सर्वांत मोठा धोका येथेच आहे. संगणकावर जागा व्हावी म्हणून अनेक जण जुने फोटो ड्राइव्हवर नेतात आणि मूळ ठिकाणचे काढून टाकतात. मग ज्याला आपण बॅकअप म्हणतो तीच एकमेव प्रत उरते. कोणता चौकोन मोठा आहे एवढेच प्रोग्रॅमला कळते, त्यात आजीने गायिलेल्या ओव्या आहेत की कुणीतरी पाठवलेला सिनेमा आहे हे त्याला कळत नाही. म्हणून काही पुसण्यापूर्वी ती फाइल उघडून पाहावी आणि तिची दुसरी प्रत खरोखर कुठे आहे याची खात्री करावी.

यादीत 'फाइलहिस्टरी' नावाचा फोल्डर मोठा दिसला, तर तो विनडरस्टॅटमधून मुळीच पुसू नये. तो विंडोजच्या फाइल हिस्टरी या सोयीचा असतो. ही सोय मूळ मांडणीनुसार दर तासाला बदललेल्या फाइलींची नवी पूर्ण प्रत ठेवते आणि जुन्या प्रती कायम राखते. हिशेबाच्या छोट्या एक्सेल फाइलीला याने काही फरक पडत नाही. पण काही जीबींची फाइल रोज बदलत असेल, तर तिच्या प्रतींनी ड्राइव्ह पाहता पाहता भरतो. कंट्रोल पॅनेलमधील फाइल हिस्टरीच्या प्रगत सेटिंगमध्ये जुन्या आवृत्त्या साफ करण्याचा पर्याय आहे. तेथे एक वर्षाहून जुन्या प्रती काढायला सांगणे घरगुती वापरासाठी पुरेसे ठरते.

पुसूनही जागा मोकळी झाली नाही, अशी तक्रार हमखास येते. बाहेरच्या हार्डडिस्कवरून पुसलेल्या फाइली त्याच हार्डडिस्कवरील लपलेल्या रिसायकल बिनमध्ये जातात, आणि ते रिकामे होईपर्यंत जागा अडलेलीच राहते. विनडरस्टॅटच्या यादीत तो फोल्डरही दिसतो. दुसरी शंका २ टीबीची हार्डडिस्क विंडोजमध्ये १.८१ टीबी का दिसते ही. त्यात फसवणूक नाही: उत्पादक १००० च्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या. एक्सफॅट या फाइली साठवण्याच्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या मोठ्या ड्राइव्हवर छोट्या फाइलीही साधारणपणे प्रत्येकी १२८ केबी जागा घेतात. त्यामुळे व्हॉट्सॲपच्या २०,००० स्टिकरांचा फोल्डर प्रत्यक्षात किरकोळ असूनही सुमारे अडीच जीबी खातो. असे फोल्डर एका झिप फाइलीत बांधून ठेवावेत.

उणिवाही सांगायला हव्यात. मराठीची सोय मला त्यात आढळली नाही आणि मेनूतील शब्द नवख्याला बुजवतात. पहिल्या वेळी घरातील जाणत्या मुलामुलीने शेजारी बसावे. एनटीएफएस या विंडोजच्या नेहमीच्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हवर विझट्री हा प्रोग्रॅम याहून पुष्कळ वेगाने तपासणी करतो, मात्र नवख्याला मी विनडरस्टॅटच सुचवेन, कारण त्याचा नकाशा मला अधिक स्पष्ट वाटतो. मॅकवर तो चालत नाही. तेथे टाइम मशीन ही मॅकची स्वतःची बॅकअपची सोय जागा संपली की सर्वांत जुन्या प्रती आपणहून काढते.

कोकणात राहणाऱ्याने या सफाईकडे आणखी एका कारणासाठी पाहावे. २०२० चे निसर्ग चक्रीवादळ किंवा जुलै २०२१ मधील चिपळूणचा पूर आठवला, की संगणक आणि बॅकअप एकाच घरात असून भागत नाही हे वेगळे सांगावे लागत नाही. नकाशा पाहून केलेल्या सफाईनंतर मोठ्या हार्डडिस्कची गरज बहुधा उरत नाही. तेव्हा वाचलेल्या पैशांत पहिल्याच मापाची दुसरी हार्डडिस्क घ्यावी, तिच्यावर सगळे उतरवावे, आणि गणपती आटोपून मुंबईला परतणाऱ्या चाकरमान्याकडे ती वर्षभरासाठी सोपवावी.