फॉर्म्युला की पाणी घातलेलं गाईचं दूध?

आईचं दूध पुरत नसलं की घरात हमखास वाद, डॉक्टर म्हणतात फॉर्म्युला (डब्यातली बाळांची दूध पावडर) आणि सासूबाई म्हणतात आमची सगळी पोरं गाईच्या दुधात पाणी घालूनच वाढली. वाढलीही असतील, पण आईच्या 100 मिली दुधात प्रोटीन साधारण 1 ग्रॅम आणि गाईच्या दुधात 3 ग्रॅमच्या वर, शिवाय क्षार जास्त, एवढ्याशा किडनीवर लोड येतो. पाणी घातलं की प्रोटीन कमी होतं खरं पण कॅलरीपण कमी होतात ना, मग वजन अडतं. लोह तर नावालाच, वर काही बाळांच्या आतड्यातून नकळत थोडं थोडं रक्त जातं, म्हणजे अ‍ॅनिमियाला आमंत्रणच. फॉर्म्युल्यात लोह घातलेलं असतं आणि प्रोटीन बेताचं.

पोटाचं म्हणाल तर फॉर्म्युलापण आईच्या दुधाची बरोबरी करत नाही, आतड्यात बायफिडोबॅक्टेरिया (पोटाला उपयोगी जिवाणू) कमी असतात, शी जरा घट्ट आणि कधी हिरवट होते, घाबरायचं नाही. खरा घोळ चमच्याचा! बऱ्याच डब्यांवर 30 मिली पाण्याला 1 सपाट चमचा लिहिलेलं असतं, बाळ गुटगुटीत व्हावं म्हणून शीग लावून भरला की पोट कडक होणारच. महाग आहे मान्य, तरी पहिलं वर्ष मी डबाच घेईन.