बी.एस्सी.ला नाव घालून तयारी, की सरळ गॅप?

इंजिनिअरिंगच्या कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेरीत जागा लागते, फी भरली जाते, आणि जात पडताळणीचं प्रमाणपत्र मुदतीत आलं नाही म्हणून ती जागा जाते. नाव खुल्या प्रवर्गात सरकतं, तिथला कटऑफ आपल्या गुणांच्या वर असतो, आणि ऑगस्ट संपताना हातात काहीच उरत नाही. 2018 मध्ये माझं असंच झालं. सीईटीचे, म्हणजे प्रवेश परीक्षेचे, गुण त्या एका वर्षापुरते चालतात, त्यामुळे पुढच्या मे महिन्यात पुन्हा परीक्षा देणं आलंच. यंदा माझी चुलत बहीण याच ठिकाणी येऊन थांबली आहे. परवा फोनवर तिने विचारलं, "दादा, मी बी.एस्सी.ला नाव घालू का घरीच बसू?"

मी दोन्ही केलं आहे. ऑगस्टच्या अखेरीस बी.एस्सी.ला प्रवेश घेतला, दिवाळीपर्यंत कॉलेज केलं, मग सोडलं आणि उरलेलं वर्ष घरून तयारी केली. त्यामुळे दोन्ही बाजू थोड्याफार माहीत आहेत. हे सगळं माझ्यापुरतं आहे. तुमचं गाव, घर, कॉलेज वेगळं असेल, तेवढी सूट ठेवून वाचा.

बी.एस्सी.च्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. सकाळी उठून जायला एक जागा असते. कोणी विचारलं तर सांगायला उत्तर असतं, आणि ते उत्तर मुलापेक्षा आईवडिलांना जास्त लागतं. गावात "मुलगा काय करतो?" या प्रश्नाला "घरी आहे" म्हणताना आईचा चेहरा उतरायचा, ते मी पाहिलं आहे. मुलींच्या बाबतीत तर कॉलेजात नाव असणं हीच कधी कधी ढाल असते. एक वर्ष घरी म्हटलं की स्थळं सुरू होतात. तुमच्या घरात तशी कुजबुज असेल तर पुढचं काहीही न वाचता नाव घाला.

पैशाचा हिशेबही वाटतो तितका एकतर्फी नाही. अनुदानित कॉलेजची फी फार नसते, बोनाफाईड मिळतं आणि त्यावर एसटीचा सवलतीचा पास निघतो. गॅप घेतल्यावर हा पास बंद होतो, हे माझ्या आधी लक्षातच आलं नव्हतं. तालुक्याच्या अभ्यासिकेत जायला रोज पूर्ण तिकीट काढावं लागायचं, शिवाय अभ्यासिकेचे महिन्याचे पैसे वेगळे.

हल्ली आणखी एक मुद्दा त्या बाजूला आला आहे. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षाचे क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, शैक्षणिक क्रेडिट बँकेत जमा होतात आणि सात वर्षं टिकतात. म्हणजे इंजिनिअरिंग झालंच नाही तर वर्ष फुकट जात नाही. पण त्याच धोरणामुळे पहिलं वर्ष आमच्या वेळेपेक्षा दाटीचं झालं आहे. मुख्य विषयांखेरीज ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचा पेपर, भारतीय ज्ञानप्रणाली, मूल्यशिक्षण, आणि बहुतेकांचं अंतर्गत मूल्यमापन. नाव नुसतं घालून ठेवू, जायचं कशाला, असं म्हणणाऱ्यांनी आधी त्या कॉलेजातल्या पहिल्या वर्षाच्या मुलाचं वेळापत्रक मागून बघावं.

आता माझं गाडं जिथे अडलं ते सांगतो. जर्नल, म्हणजे प्रॅक्टिकलची वही.

वर्गातली हजेरी सांभाळून घेता येते. तासाला मागच्या बाकावर सीईटीचे प्रश्नही सुटतात. प्रॅक्टिकलला यातलं काहीच चालत नाही. आठवड्यातले चार दिवस बारा ते तीन प्रॅक्टिकल, दोन दिवस केमिस्ट्री, दोन दिवस फिजिक्स. ब्युरेटची तीन रीडिंग घ्यायची, सीबीआर (म्हणजे सारखं येणारं रीडिंग) जुळेपर्यंत पुन्हा पुन्हा टायट्रेशन करायचं, मग आलेख, मग गणित. ते घरी जर्नलमध्ये सुवाच्य उतरवायचं, डाव्या कोऱ्या पानावर पेन्सिलने आकृती, आणि पुढच्या खेपेला सही घ्यायची. सही नाही तर पुढचा प्रयोग नाही. सगळ्या सह्या नाहीत तर जर्नल सर्टिफाय होत नाही, आणि सर्टिफाइड जर्नलशिवाय प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसता येत नाही.

यात कॉलेजची चूक नव्हती. ज्याला बी.एस्सी.च करायचं आहे त्याला हे यायलाच हवं, आणि आमचे केमिस्ट्रीचे सर मन लावून शिकवणारे होते. अडचण माझी होती. प्रॅक्टिकलमुळे दिवस मधोमध तुटायचा. सकाळी दोन तास मिळायचे, संध्याकाळी सव्वीस किलोमीटरची एसटी करून घरी पोचलो की जर्नल उघडावं लागायचं. सीईटी हा वेगाचा खेळ आहे. नव्वद मिनिटांत गणिताचे पन्नास प्रश्न, आणखी नव्वद मिनिटांत फिजिक्स-केमिस्ट्रीचे शंभर. या वेगासाठी सलग तीन तास बसायची सवय लागते, आणि ते सलग तीन तास मला सप्टेंबर ते दिवाळी फक्त रविवारी मिळाले. मी या काळात पूर्ण पेपर सोडवले ते सहा. घरी बसल्यावर तेवढे पंधरा दिवसांत होऊ लागले.

ऑक्टोबरमध्ये एका संध्याकाळी मी तीन प्रयोग एकदम उतरवत बसलो होतो, कारण दुसऱ्या दिवशी सह्यांची शेवटची तारीख होती. रात्री साडेअकराला आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, विचारलं, "सीईटीचा अभ्यास चाललाय ना?" मी हो म्हणालो. ते खोटं होतं, आणि ते मला फार लागलं. दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना खरं सांगितलं. पुढच्या सत्राच्या प्रॅक्टिकल परीक्षा आणि लेखी पेपर बरोबर मार्च ते मे, म्हणजे सीईटीच्या तोंडावर येणार होते. त्या वेळी दोन्हीकडे अर्धा अर्धा उरेन, एवढं मला दिसत होतं.

सोडताना कागदांचा त्रास झाला, तोही सांगून ठेवतो. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या परिपत्रकाप्रमाणे प्रवेशाच्या शेवटच्या तारखेनंतर पंधरा दिवसांत नाव काढलं तर 80 टक्के फी परत मिळते, तीस दिवसांपर्यंत 50, त्यापुढे काही नाही. (यूजीसी एखाद्या वर्षी वेगळ्या तारखाही जाहीर करतं, तेव्हा चालू वर्षाचं परिपत्रक बघा.) मी नोव्हेंबरात गेलो, म्हणजे फी गेलीच. बारावीचा मूळ दाखला प्रवेशाच्या वेळी जमा झालेला असतो. नवा दाखला मिळायला ग्रंथालय, दोन्ही प्रयोगशाळा, जिमखाना आणि लेखा विभाग यांच्या नो ड्यूजच्या सह्या लागल्या. चार खेपा झाल्या. सरळ गॅप घेणाऱ्याला एवढंच करावं लागतं की पुढच्या प्रवेशाच्या वेळी गॅपचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. ते एका सकाळचं काम आहे.

गॅपमधले तोटे मी लपवणार नाही. नोव्हेंबर-डिसेंबर मला जड गेले. मित्र कॉलेजचे फोटो टाकायचे आणि मी दुपारी घराच्या माळ्यावर एकटा. त्यावर अभ्यासिकेने मोठी मदत केली. तिथे स्पर्धा परीक्षेची मोठी मुलं होती, त्यांनी मला जेवायला सोबत बसवून घेतलं. ज्यांच्या गावात अशी जागा नाही, किंवा ज्यांना एकटं राहिलं की मन खाली जातं, त्यांनी घरी बसण्याआधी नीट विचार करावा. त्यांच्यासाठी कॉलेजची गर्दी हे औषध असू शकतं.

नोकरीच्या वेळी गॅप आड येईल ही भीती सगळे घालतात. मला कॅम्पसच्या मुलाखतीत त्यावर एकच प्रश्न आला. व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणीचं प्रमाणपत्र, अडकली होती, पुन्हा सीईटी दिली, असं सांगितलं आणि बोलणं प्रोजेक्टकडे वळलं. सगळ्या कंपन्या अशाच असतील असं नाही, पण एका वर्षासाठी रात्रीची झोप घालवू नये असं मला वाटतं.

आणि एक फायदा असा झाला की जो मी मोजलाच नव्हता. माझी व्हॅलिडिटी अडली होती ती जुन्या पुराव्यावर. ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीची नोंद लागते, आणि आमच्या भावकीत तोवर कोणाचीच व्हॅलिडिटी झालेली नव्हती. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कोणाची झालेली असेल तर काम बरंच सोपं होतं. आमच्याकडे आजोबांची शाळेतली नोंद हाच एक धागा होता, आणि शाळा आमच्या मूळ गावी, तीन तासांवर. शाळा उघडी असते सोमवार ते शनिवार. माझं कॉलेजही त्याच दिवशी. आप्पांना दुकान बंद ठेवणं परवडत नव्हतं.

कॉलेज सोडल्यावर डिसेंबरात मी एका मंगळवारी गेलो. मुख्याध्यापकांनी जुन्या प्रवेश-निर्गम नोंदवह्या कपाटातून काढून दिल्या, मोडीसारख्या वळणाची अक्षरं, कडा वाळवीने खाल्लेल्या. दोन वेळा उलटून काही सापडलं नाही. तिसऱ्या खेपेला शिपाईमामा शेजारी बसले आणि त्यांनी बोट ठेवलं. 1949 सालची नोंद, आजोबांचं नाव, पणजोबांचं नाव आणि जातीचा रकाना, तिन्ही स्वच्छ वाचता येत होती. तो उतारा जात पडताळणी समितीकडे दिला. मार्चमध्ये प्रमाणपत्र आलं, आणि मे महिन्यात मी सीईटी दिली ती व्हॅलिडिटी फाइलमध्ये ठेवून.

बहिणीला मी अजून हो किंवा नाही सांगितलेलं नाही. तिला दोन कामं दिली आहेत. ज्या कॉलेजात नाव घालायचा विचार आहे तिथल्या लॅब असिस्टंटना भेटून प्रॅक्टिकलच्या बॅचची वेळ विचारून यायची, आणि काकांना बसवून भावकीत कोणाकोणाची व्हॅलिडिटी झाली आहे याची यादी करायची. त्या यादीत पहिलं नाव माझं लिही म्हणालो, माझी प्रत कुरिअरने पाठवतो.