बॉटनी घ्यावं की झूलॉजी? एफवायनंतर अडकलेल्यांसाठी

भाचीचं एफवाय बीएस्सी संपत आलंय आणि गेले पंधरा दिवस घरात एकच विषय चाललाय, मेजरला (मुख्य विषयाला) बॉटनी ठेवू की झूलॉजी. तिच्या ग्रुपमधल्या निम्म्या जणांचं झूलॉजी ठरलंय कारण "बॉटनी म्हणजे नुसतं पाठांतर", आणि बाकीच्यांचं बॉटनी ठरलंय कारण "झूलॉजीत कापाकापी असते". दोन्ही कारणं चुकीची आहेत आणि अशा कारणांवर पुढची वर्षं घालवायची म्हणजे मला खरंच वाईट वाटतं. मी बीएस्सीला दोन्ही विषय केले, एम.एस्सी. झूलॉजीत केली, नंतर बरीच वर्षं बीएस्सीच्या मुलांच्या प्रॅक्टिकलच्या बॅचेस घेतल्या, त्यामुळे मुलं कुठे रमतात आणि कुठे कंटाळतात ते जवळून बघितलंय. तेच इथे लिहितेय.

कापाकापीचं आधी उरकते. युजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१४ मध्येच झूलॉजीच्या कोर्सेसमधलं प्राण्यांचं डिसेक्शन बंद केलं. बेडूक नाही, उंदीर नाही, झुरळ पण नाही. म्हणजे ती भीती असेल तर सोडून द्या, पण त्याच निर्णयामुळे एक वेगळा प्रश्न तयार झालाय, त्याकडे नंतर येते.

पेशीपासून सुरुवात करू कारण दोन्ही विषयांचा फरक तिथेच पडतो. बारावीत सगळ्यांनी तो तक्ता पाठ केलेला असतो, वनस्पतीपेशीला सेल वॉल आणि क्लोरोप्लास्ट, प्राणीपेशीला नाही, मोठं व्हॅक्युओल, सेंट्रिओल वगैरे. तक्ता पाठ असतो पण त्या सेल वॉलचा परिणाम काय होतो ते कुणी सांगत नाही. भिंत आहे म्हणजे पेशी जागची हलू शकत नाही, शेजारणीला चिकटून जन्मभर तिथेच. त्यामुळे झाडाला आकार द्यायचे मार्ग दोनच, पेशी कुठल्या बाजूने विभागायची आणि कुठल्या दिशेने लांबवायची. प्राण्याच्या गर्भात मात्र पेशी चक्क सरकतात, एका जागेवरून निघून दुसरीकडे जाऊन बसतात, पाठीच्या बाजूने निघालेल्या काही पेशी कातडीत रंग तयार करणाऱ्या होतात, काही चेहऱ्याची हाडं होतात. बॉटनीतलं डेव्हलपमेंट म्हणजे बांधकाम आणि झूलॉजीतलं म्हणजे स्थलांतर, असं मी मुलांना सांगायचे. यातलं काय वाचताना तुम्हाला "अरे, पण हे होतं कसं" असं वाटलं ते लक्षात ठेवा, तिथेच तुमचं अर्धं उत्तर आहे.

आता खाणं आणि वाहतूक. बॉटनीतला माझा सगळ्यात आवडता भाग हाच. झाड उठून कुठे जाऊ शकत नाही, ऊन वाढलं तर सावलीत सरकू शकत नाही, पाणी संपलं तर नदीवर जाऊ शकत नाही, म्हणून ते सगळे प्रश्न रसायनशास्त्राने सोडवतं. फोटोसिंथेसिसचं उदाहरण घ्या. पानाची छिद्रं उघडली की कार्बन डायऑक्साइड आत येतो पण पाणी बाहेर जातं. ऊस, ज्वारी, मका यांनी यावर सी फोर नावाचा उपाय काढला, कार्बन आधी एका पेशीत पकडायचा आणि मग शिरेभोवतीच्या पेशीत नेऊन तिथे साखर बनवायची. हॅच आणि स्लॅक यांनी ऑस्ट्रेलियात १९६६ मध्ये हे मांडलं ते उसावरच. उसाच्या पानाचा टी.एस. (आडवा पातळ छेद) घेतला तर शिरेभोवती या पेशींचा हार घातल्यासारखा दिसतो, एकदा बघितला की विसरत नाही. कॅमवाली झाडं तर छिद्रं रात्रीच उघडतात, अननस, पानफुटी, निवडुंग. आणि आपल्या शिवनेरीच्या कड्यावर उगवणारी शिंदळ माकुडी दोन्ही करते, पावसाळ्यातल्या पानांत साधं सी थ्री आणि उन्हाळ्यात पानं गळाली की मांसल खोडात कॅम! एकाच झाडात दोन पद्धती, ऋतूप्रमाणे. पुण्यापासून दोन-अडीच तासांवर हे आहे आणि बीएस्सी झालेल्या कित्येकांना माहीत नसतं.

पाणी वर चढण्याचंही तसंच. झाडाला पंप नाही. पानातून बाष्प जातं, त्याची ओढ झायलममधल्या (पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांमधल्या) पाण्याच्या सलग धाग्याला बसते आणि धागा तुटत नाही कारण पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असतात, डिक्सन आणि जोली यांनी १८९४ मध्ये हे सांगितलं. झूलॉजीत त्याच प्रश्नाचं उत्तर हृदय. विल्यम हार्वेने १६२८ मध्ये रक्त गोल फिरतं हे मोजून दाखवलं, आणि मग माशाला दोन कप्पे, बेडकाला तीन, कबुतराला आणि आपल्याला चार, का? हा 'का' झूलॉजीत पदोपदी येतो. जमिनीवर आल्यावर फुफ्फुसाचं रक्त आणि अंगाचं रक्त वेगळं ठेवणं फायद्याचं, शरीर गरम ठेवायचं तर ऑक्सिजन भरपूर लागणार, मग कप्पे पूर्ण वेगळे. आपलं हृदय मिनिटाला सत्तर ठोके धरले तर दिवसाला एक लाखाच्या वर पडतात. झुरळाने तिसराच रस्ता धरलाय, रक्ताने ऑक्सिजन न्यायचाच नाही, अंगावरच्या छिद्रांतून निघालेल्या नळ्यांनी हवा थेट पेशीपर्यंत पोचवायची. एका प्रश्नाची तीन-चार वेगळी उत्तरं शेजारी ठेवून बघायला ज्याला आवडतं त्याला झूलॉजी आवडतंच.

कंट्रोलचा भाग थोडक्यात सांगते. रात्री स्कूटरमागे कुत्रं लागलं की छातीत धडधडतं ते ॲड्रिनॅलिन, काही सेकंदांचा खेळ. आंब्याची आढी लावतो तेव्हा पेंढ्यात कोंडला जातो तो इथिलीन, तोही हार्मोनच, पण काम दिवसांच्या हिशोबाने. शिवाय प्राण्यात नर्व्हस सिस्टीम असते आणि ती शिकायची तर फिजिक्स-केमिस्ट्री दोन्ही लागतं, आयन, व्होल्टेज वगैरे. बारावीत फिजिक्सचा धसका घेतलेल्या मुलांनी झूलॉजी सोपं समजून घेऊ नये, फिजिऑलॉजीच्या पेपरला अडकतात.

वाढ आणि रिप्रोडक्शन हा असा भाग आहे की बॉटनीवाले इथे सगळ्यात जास्त गुण घालवतात. झाडाची वाढ संपत नाही. टोकाला मेरिस्टेम (सतत विभागत राहणाऱ्या पेशींचा भाग) असतं तोवर ते वाढत राहतं, पेठेतल्या जुन्या वाड्याच्या भिंतीत पिंपळ उगवला की छाटून छाटून परत येतो ना, तो त्यामुळेच. जास्वंदीची फांदी खोचली की नवीन झाड. गाजराच्या पेशींपासून अख्खं गाजराचं रोप स्टुअर्डने १९५८ मध्येच मिळवलं होतं, प्राण्यात प्रौढ सस्तनाच्या पेशीपासून क्लोन व्हायला १९९६ ची डॉली मेंढी यावी लागली, आणि तिथेही पेशी तशीच वाढवता आली नाही, तिचं केंद्रक अंड्यात घालावं लागलं. पाल शेपूट टाकते आणि नवीन येतं, पण नवीन शेपटात मणके नसतात, कूर्चेची नळी असते. हा फरक किती मोठा आहे बघा. पण बॉटनीत आल्टरनेशन ऑफ जनरेशन्स नावाची गोष्ट आहे, म्हणजे एक पिढी हॅप्लॉइड (गुणसूत्रांचा एकच संच), एक डिप्लॉइड (दोन संच), बऱ्याच शेवाळांत आणि मॉसमध्ये हॅप्लॉइड मोठी, नेच्यात उलट, आणि फुलझाडात हॅप्लॉइड पिढी परागकणाएवढी उरलेली. प्राण्यात असं काही नाही, स्पर्म आणि एग सोडले तर आपण पूर्ण डिप्लॉइड. त्यामुळे झूलॉजीची सवय असलेल्या डोक्याला हे पटकन पटत नाही, वेळ द्यावा लागतो. नंतर डबल फर्टिलायझेशन येतं, नवाशिनने १८९८ मध्ये दाखवलेलं, एक नर पेशी अंड्याशी आणि दुसरी मधल्या दोन केंद्रकांशी, त्यातून होतो एंडोस्पर्म, म्हणजे बीमधल्या गर्भाचं अन्न. शहाळ्याचं पाणी म्हणजे पेशीभिंती न पडलेला एंडोस्पर्म आणि भिंती पडल्या की तेच खोबरं. मी हे शहाळ्याच्या गाडीपाशी उभं राहून शिकवलेलं आहे आणि त्या बॅचमधला एकही जण परीक्षेत ते चुकला नाही.

आता पाठांतराचं. खरं सांगायचं तर नावं दोन्हीकडे सारखीच आहेत. बॉटनीत फॅमिली, फ्लोरल फॉर्म्युला (फुलाच्या रचनेचं सूत्र), बेंथॅम-हूकर यांचं वर्गीकरण. झूलॉजीत फायलम, क्लास, लार्व्हांची नावं आणि स्पॉटिंगला (नमुना बघून ओळखायच्या परीक्षेला) बरण्यांतले नमुने. फरक एवढाच की बॉटनीचे नमुने तुमच्या भाजीच्या पिशवीत आहेत. मंडईत जाऊन कोथिंबीर, गाजर, जिरं, ओवा, बडीशेप एका फॅमिलीचे का हे छत्रीसारखा फुलोरा बघून कळतं (बडीशेपेच्या दाण्यांचा झुबका मिळाला तर घ्याच). भेंडीचं फूल आणि जास्वंद शेजारी ठेवा, पुंकेसरांची ती नळी सारखीच. झूलॉजीत कोळंबी आणि झुरळ एकाच फायलममधले हे मासळीबाजारात कळेल, पण समुद्रतारा कोळंबीपेक्षा आपल्या जवळचा का, हे नुसतं बघून कळत नाही, त्यासाठी गर्भ बघावा लागतो, पहिलं छिद्र तोंड होतं की गुदद्वार. म्हणून झूलॉजीची नावं तोंडपाठ करून भागत नाही आणि बॉटनीची नावं बघितल्याशिवाय राहत नाहीत.

आणि हाच माझा मुख्य मुद्दा आहे, प्रॅक्टिकल. डिसेक्शन गेल्यावर बऱ्याच ठिकाणी झूलॉजीचं प्रॅक्टिकल म्हणजे पर्मनंट स्लाईड, चार्ट आणि मॉडेल एवढंच उरलंय. मी एका कॉलेजात बॅच घेतली तिथे मुलं वर्षभर जर्नलमधल्या आकृत्या मागच्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवत होती, मायक्रोस्कोपला कुणाचा हात लागलेला नव्हता. ती मुलं हुशार होती, त्यांचं नुकसान झालं याचा मला अजून राग आहे. बॉटनीत असं करणं अवघड जातं कारण ताजं पान समोरच असतं. रीओ घ्या, वरून हिरवं आणि पोटाला जांभळं पान असलेलं, जवळपास प्रत्येक सोसायटीच्या वाफ्यात असतं. जांभळ्या बाजूचा पापुद्रा काढून पाण्याच्या थेंबात ठेवला की विटा रचल्यासारख्या जांभळ्या पेशी आणि मधेमधे हिरवी छिद्रं. मग कव्हरस्लिपच्या एका कडेला मिठाचं पाणी सोडायचं, दुसऱ्या कडेला टिपकागद. मिनिटा-दोन मिनिटांत जांभळा रंग भिंतीपासून सुटून आत आक्रसतो, भिंत मात्र जागेवर. परत साधं पाणी दिलं की रंग हळूहळू पसरून भिंतीला टेकतो. सेल वॉल, मेंब्रेन, व्हॅक्युओल, ऑस्मोसिस, चारही गोष्टी त्या एका पानात.

झूलॉजीत असं जिवंत काही नाही का? आहे, पण शिकवणाऱ्याने मनावर घ्यावं लागतं. मी डासाची अळी दाखवते. पावसाळ्यात कुंडीखालच्या ताटलीत मिळतेच. खोलगट स्लाईडवर पाण्याच्या थेंबात ठेवली की अंग काचेसारखं, आतून दोन चंदेरी नळ्या शेपटीच्या नळीपर्यंत गेलेल्या, म्हणजे झुरळाबद्दल वर सांगितलं तीच हवेची सोय, आणि पाठीवर एक लांबट नळी मागून पुढे धडधडतेय, तेच हृदय. पोटातलं अन्न सरकताना दिसतं. एका मुलीने पंधरा मिनिटं डोळा काढला नव्हता, नंतर ती कीटकांकडेच गेली. (बघून झालं की पाणी कोरड्या मातीत ओता, गटारात नको.)

त्यामुळे ठरत नसेल तर मी बॉटनी सांगते. लॅब साधी असली तरी तुम्ही स्वतःच्या हाताने काम कराल, ब्लेडने टी.एस. घ्यायला शिकाल, आणि वेताळ टेकडीवर रविवारी गेलात तरी अभ्यास होतो, ग्लिरिसिडियाच्या झाडांखाली बाकी काय काय उगवतं ते मोजा. झूलॉजी त्यांनी घ्यावं ज्यांना प्राण्यांच्या शरीराचा, वागण्याचा, रोगांचा प्रश्न आधीपासून सोडत नाही, आणि ज्यांच्या कॉलेजची लॅब जिवंत आहे. ॲडमिशनच्या आधी जाऊन विचारा, मागच्या सेमिस्टरला मुलांनी स्वतः काय बनवलं, जिवंत जीवांचं कल्चर ठेवतात का, फील्ड व्हिजिट कुठे नेली. "प्राणी आवडतात" एवढं पुरत नाही, घरात मांजर असणं वेगळं आणि गांडुळाची नेफ्रिडिया (उत्सर्जनाच्या नळ्या) शिकणं वेगळं.

पुढे काय, हा प्रश्न आईवडील विचारतातच. पुण्यात दोन्हीची सोय चांगली आहे. बॉटनीसाठी आघारकर संशोधन संस्था, १९४६ मध्ये सुरू झालेली, त्यांच्या गव्हाच्या आणि सोयाबीनच्या जाती शेतात आहेत, बीएसआयचं (भारतीय वनस्पती सर्वेक्षण) पश्चिम विभागाचं हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, कोरेगाव रोडला, आणि टिश्यू कल्चर (पेशींपासून प्रयोगशाळेत रोपं वाढवणं), एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) १९९० मध्ये बांबूला चक्क टेस्टट्यूबमध्ये फुलं आणली होती. झूलॉजीसाठी आकुर्डीत झेडएसआय (भारतीय प्राणी सर्वेक्षण), व्हायरसच्या कामासाठी एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू संस्था). आणि फिल्डवरचं काम संपलेलं अजिबात नाही, साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरच्या सरड्यांचा वेगळा जीनस (जवळच्या जातींचा गट) २०१६ मध्ये जाहीर झाला आणि त्याचं शास्त्रीय नावच 'सरडा' ठेवलंय. फॉरेस्ट सर्व्हिसची परीक्षा दोन्ही विषयांना खुली आहे, बी.एड. करून शिकवायचं तरी दोन्ही चालतात, त्यामुळे नोकरीवरून हे ठरवू नका.

भाचीने फॉर्म अजून भरलेला नाही. सोमवारपर्यंत वेळ आहे. शनिवारी एका मैत्रिणीच्या लॅबमध्ये दोन तास मिळालेत, रीओचं पान सकाळी तोडून नेऊ, आणि अळ्यांची बाटली भरून जाळी बांधून बाल्कनीत ठेवलीय.